शाळेतून "लक्ष नाही, लक्षात राहत नाही" असं आलं की काय करायचं: २ ते ६ वर्षांच्या मुलांच्या आई-बाबांसाठी

आमचा धाकटा साडेतीन वर्षांचा असताना नर्सरीच्या बाईंनी पालकसभा संपल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं की याचं लक्षच नसतं, दोन-तीनदा हाक मारावी लागते, काल शिकवलेलं आज आठवत नाही, एकदा कुणाला तरी दाखवून घ्या. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या मुलगे असेच असतात, बहीण म्हणाली आधी मोबाईल बंद कर, ओळखीच्या एकांनी डायरेक्ट एडीएचडीच (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा याचं निदान) म्हणून टाकलं, आणि मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर वाचत बसायला लागले. पुढचे पाच महिने आम्ही फिरलो पण उलट्या क्रमाने फिरलो. आधी थेरपी सेंटर, मग मेमरीचा क्लास, मग कुठलंसं सिरप, आणि सगळ्यात शेवटी कानाची तपासणी जी सगळ्यात आधी व्हायला हवी होती. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. पोराला अर्धं ऐकूच येत नव्हतं.

म्हणून क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण त्या काळात खूप वाचलं, खूप डॉक्टरांना प्रश्न विचारले, आणि तेव्हा हे कुणी एका जागी सांगितलं असतं तर पाच महिने वाचले असते.

१. आधी "लक्ष नाही" म्हणजे नेमकं काय ते विचारून घ्या

"लक्ष" ही एक गोष्ट नाहीये. मायकेल पोस्नर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांनी लक्षाचे तीन भाग सांगितलेत. एक म्हणजे जागं आणि सावध असणं, दुसरं म्हणजे आवाज आला, काही हललं की तिकडे वळणं, आणि तिसरं म्हणजे समोर दुसरं काहीतरी खेचत असताना स्वतःला आवरून हातातल्या कामावर टिकणं. पहिली दोन बाळपणीच बरीच तयार होतात, तिसरं साधारण तीन ते सात या वयात जोरात वाढतं आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं वाढत राहतं, कारण कपाळामागचा मेंदूचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशीपर्यंत वेळ लागतो.

हाक मारली आणि मूल वळलंच नाही ही वेगळी तक्रार आणि वळलं, बसलं, पण दोन मिनिटांत उठून खिडकीपाशी गेलं ही वेगळी. आमच्या बाईंची तक्रार पहिल्या प्रकारची होती, मी ऐकली दुसऱ्या प्रकारची, आणि तिथेच आमचा रस्ता चुकला.

स्मरणशक्तीचंही तेच. शुभंकरोती धडाधड म्हणून दाखवणं, परवा आजीकडे काय झालं ते सांगणं, आणि "चप्पल काढ, डबा ओट्यावर ठेव, हात धू" हे तिन्ही डोक्यात धरून करत जाणं, ही तीन वेगवेगळी कामं आहेत. एक जमतं म्हणून दुसरं जमेलच असं नाही.

बाईंना न रागावता हे विचारा: दिवसाच्या कुठल्या वेळी होतं? सगळे मिळून बसलेले असताना की एकट्याने करायच्या कामात? बाई समोर असताना की पाठीमागून बोलताना? वाळू, ठोकळे, चित्र अशा आवडीच्या कामात किती वेळ बसतो? उत्तरं तिथेच लिहून घ्या, घरी येईपर्यंत आपणच विसरतो.

२. त्या वयाला काय जमतं ते समजून घ्या

घाई असेल तरी ही पायरी सोडू नका, कारण निम्मी काळजी इथेच कमी होते.

तान्ह्या बाळांना काही आठवत नाही असं आपण धरून चालतो पण ते खरं नाही. कॅरोलिन रोव्ही-कोलिअर या संशोधक बाईंनी बाळाच्या पायाला रिबीन बांधून तिचं दुसरं टोक पाळण्यावरच्या खेळण्याला, म्हणजे आपल्या चिमणाळ्यासारख्या टांगत्या खेळण्याला बांधलं. पाय हलवला की खेळणं हलतं हे बाळं शिकली. मग काही दिवसांनी तेच खेळणं दाखवून बघितलं की आठवतंय का. दोन महिन्यांच्या बाळांना एक-दोन दिवस आठवलं, तीन महिन्यांच्यांना साधारण आठवडा, सहा महिन्यांच्यांना दोन आठवडे. आणि विसरल्यासारखं वाटल्यावर ते खेळणं नुसतं हलताना दाखवलं तरी आठवण परत यायची. जन्माच्याही आधीच्या आठवणीचा, १९८६ सालचा एक प्रयोग आहे, गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आयांनी रोज एकच गोष्ट मोठ्याने वाचली आणि जन्मलेल्या बाळांनी नवीन गोष्टीपेक्षा तीच ऐकणं पसंत केलं. अभिमन्यूची गोष्ट आठवेल, पण बाळाला त्यातला अर्थ कळलेला नसतो, लय आणि चाल ओळखीची झालेली असते एवढंच.

आठ महिन्यांच्या आसपास वस्तू झाकली तरी ती तिथेच असते हे बाळ शोधून दाखवायला लागतं. वाटीखाली खेळणं लपवा, बाळ काढेल. तीन-चार वेळा त्याच वाटीखाली लपवा आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत शेजारच्या वाटीखाली ठेवा, बरीच बाळं पहिल्याच वाटीकडे हात नेतात. झां पियाजे यांनी हे टिपून ठेवलंय. बाळाने बघितलेलं असतं, पण सवयीचा हात थांबवणं अजून जमत नसतं.

हा "थांबवणं" प्रकार लक्षात ठेवा कारण तीन वर्षांच्या मुलात तो पुन्हा दिसतो. फिलिप झेलाझो यांचा पत्त्यांचा खेळ आहे. लाल आणि निळी चित्रं, त्यात ससे आणि होड्या. आधी रंगाप्रमाणे वेगळी करायची, मुलं छान करतात. मग सांगायचं आता रंग नाही, चित्राप्रमाणे करायचं. तीन वर्षांची बहुतेक मुलं रंगानेच लावत राहतात. आणि मजा म्हणजे त्यांना विचारलं की आता ससा कुठे जाणार तर बरोबर बोट दाखवतात! नियम माहितीये पण हात जुन्याच नियमाने चालतो. चार-पाच वर्षांपर्यंत हे बहुतेकांना जमायला लागतं. हे वाचलं त्या दिवशी मला माझ्या ओरडण्याचं फार वाईट वाटलं, कारण "तुला माहितीये ना, मग मुद्दाम करतोस" हे मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे. तो मुद्दाम करत नव्हता.

एका वेळी डोक्यात किती गोष्टी धरता येतात तेही बघा. ऐकलेले आकडे त्याच क्रमाने परत म्हणायला सांगितले तर अडीच वर्षांचं मूल साधारण दोन म्हणतं, पाच वर्षांचं चारेक, मोठी माणसं सातेक. थोडं इकडेतिकडे चालतं. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला एका दमात पाच कामं सांगितली आणि तो पहिलं करून मध्येच गाडी घेऊन बसला तर तो विसरभोळा नाही, आपली यादी लांब झाली.

वेळेच्या शब्दांवरूनही स्मरणशक्ती मापू नका. तीन-चार वर्षांची मुलं झालेल्या सगळ्याला "काल" म्हणतात, दिवाळी पण कालच झालेली असते. त्यात आपला "परवा" मागे पण जातो आणि पुढे पण, तो त्यांना बराच उशिरा सापडतो.

आणि तीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी जवळपास काहीच आठवत नाही, आपल्यालाही आठवत नाही. पॅट्रिशिया बावर यांनी मुलं तीन वर्षांची असताना घरातल्या प्रसंगांबद्दलच्या त्यांच्या गप्पा नोंदवल्या आणि पुढे वेगवेगळ्या वयात त्यांना त्याच प्रसंगांबद्दल विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्के किंवा जास्त प्रसंग आठवत होते, आठ-नऊ वर्षांच्यांना चाळीस टक्क्यांहून कमी. म्हणजे मोठ्या दादाला पूर्वी आठवायची ती ट्रीप आता आठवत नसेल तर काळजी करू नका.

३. दोन आठवडे वही ठेवा

साधी शंभर पानी वही. रोज तीन ओळी: काय झालं, किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं. शिवाय झोप किती, सर्दी आहे का, टीव्ही चालू होता का. लक्ष *लागलेल्या* वेळा पण लिहा, आम्ही हे केलं नव्हतं आणि डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं. मोबाईलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ घ्या, खेळतानाचा आणि हाक मारल्यावरचा. क्लिनिकमध्ये मूल वेगळंच वागतं.

नेटवर "वय गुणिले अमुक मिनिटं" असा लक्षाचा फॉर्म्युला फिरतो, तो वहीत लिहू नका. तेच मूल मुंग्यांच्या रांगेपाशी वीस मिनिटं बसतं आणि पाटीवरच्या रेघांपाशी दोन मिनिटं, मग कुठला आकडा धरणार?

४. थेरपीच्या आधी शरीर तपासा: कान, झोप, रक्त, डोळे

कान. सर्दी, वाढलेले अॅडिनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) यामुळे पडद्यामागे पाणी साठतं. दुखत नाही, ताप नाही, त्यामुळे कळतच नाही. आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो, आणि कमी-जास्त होतो, म्हणजे एका आठवड्यात मूल नीट ऐकतं आणि पुढच्या आठवड्यात नाही, त्यामुळे "हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं याला" असं घरात सगळे म्हणतात. आमच्याकडे हेच वाक्य रोज होतं. खुणा: टीव्ही मोठा करणं, सारखं "काय?" म्हणणं, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, घोरणं, शब्दांचे शेवट खाणं.

कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा आणि ऐकण्याची तपासणी विचारा. टिम्पॅनोमेट्री म्हणजे कानात छोटी रबरी गुंडी धरून पडदा हलतो का ते बघतात, दुखत नाही, काही मिनिटांत होतं. तीन वर्षांच्या पुढे खेळत खेळत ऑडिओमेट्री पण होते, आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. त्याहून लहान किंवा न बसणाऱ्या मुलाला झोपवून बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी) करतात. जन्मल्यावर केलेली तपासणी नॉर्मल होती म्हणून ही सोडू नका, पाणी नंतर साठतं. पाणी निघालं तरी लगेच ऑपरेशन नसतं, बऱ्याच मुलांत ते तीन महिन्यांत आपोआप ओसरतं म्हणून डॉक्टर वाट बघतात. आमचा एक कान तसाच बरा झाला, दुसऱ्यात नळी घालावी लागली. त्या तीन महिन्यांत बाईंना सांगून त्याला पुढे बसवलं, खांद्याला हात लावून मग बोलायचं ठरवलं, आणि एवढ्यानेच शाळेतली निम्मी तक्रार गेली.

झोप. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १-२ वर्षांच्या मुलांना ११ ते १४ तास आणि ३-४ वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप हवी, दुपारची धरून. घरी सगळे अकराला जेवतात आणि सकाळी साडेसातला व्हॅन येते, मग हिशोब तुम्हीच करा. दुपारची झोप बालवाडीत "वेळ वाया" म्हणून काढून टाकू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१३ साली झालेल्या अभ्यासात सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवायच्या खेळानंतर मुलं दुपारी झोपली तेव्हा त्यांना जास्त आठवलं, आणि रोज झोपणाऱ्या मुलांची झोप चुकवली तर ते नुकसान रात्रीच्या झोपेने भरून निघालं नाही. रोज घोरत असेल तर तेही कान-नाक-घसावाल्यांनाच सांगा.

रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली ६ महिने ते ५ वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली, म्हणजे दहातली जवळपास सात. लोह कमी असलं की मूल चिडचिडं, थकलेलं, लक्ष न लागणारं दिसू शकतं. हिमोग्लोबिन स्वस्तात होतं, बालरोगतज्ज्ञांना विचारून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पण करा. लोहाचं सिरप अंगणवाडीतून, आशाताईंकडून मोफत मिळतं. डोस डॉक्टरांना विचारूनच, मनाने वाढवू नका.

डोळे. एकदा दाखवून घ्या.

५. घरात काय बदलायचं

मागे चालू असलेला टीव्ही बंद करा. मूल बघत नसलं तरी. २००८ सालच्या एका प्रयोगात एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या मागे मोठ्यांचा कार्यक्रम चालू ठेवला, मुलांनी तो फारसा बघितला पण नाही, तरी त्यांचा खेळ तुटक झाला आणि एका खेळण्यावर ती कमी वेळ टिकली. आमच्याकडे संध्याकाळच्या मालिका सासूबाईंचा विरंगुळा आहे, मी त्यांच्याशी बोलले, त्यांनीच वेळ ठरवून घेतली. तुमच्याकडे पण मोठ्यांना विश्वासात घ्या, रागाने रिमोट लपवून ते टिकत नाही. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नाही आणि दोन ते चार मध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तितकं चांगलं, हे पण जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांमधलं.

सूचना देताना जवळ जा, डोळ्यांच्या उंचीला या, एक किंवा दोन कामं सांगा, झाली की पुढची.

आणि खेळ! यासाठी काही विकत घ्यायला लागत नाही, आपल्याकडे आहेत:

- चिमणी उड. सगळ्यांनी बोट जमिनीवर टेकवायचं. "चिमणी उड" बोट वर, "कावळा उड" बोट वर, "म्हैस उड" म्हटलं की बोट खालीच. उचललेला हात थांबवायचा, म्हणजे वरच्या वाट्यांच्या आणि पत्त्यांच्या खेळात जे लागतं तेच. तीन वर्षांची मुलं म्हैस उडवतातच, उडवू दे.
- शिवाजी म्हणतो. चार-पाच वर्षांपासून. "शिवाजी म्हणतो हात वर" म्हटलं तर करायचं, नुसतं "हात वर" म्हटलं तर नाही.
- स्टॅच्यू आणि डोंगर-पाणी. नियम जमला की उलटा करा, डोंगर म्हटलं की पाण्यात.
- बाजारात गेलो. "मी बाजारात गेलो आणि कांदे आणले", पुढचा म्हणतो "कांदे आणि मेथी आणली". चार वर्षांच्या मुलाबरोबर तीन-चार वस्तूंवर थांबा.
- मामाचं पत्र हरवलं. पाठीमागे काय चाललंय याकडे कान ठेवून बसायला लागतं, म्हणून हा मला फार आवडतो.

ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर बालवाड्या चालवल्या त्या बिया, खडे, पानं, शंख-शिंपले घेऊनच. मूग आणि राजमा वेगवेगळ्या वाट्यांत लावताना माझा मुलगा जितका वेळ बसला तितका तो महागड्या किटवर कधी बसला नाही.

तीच चिऊ-काऊची गोष्ट पन्नासाव्यांदा मागितली तर सांगा. पुढे काय येणार हे आधीच आठवून म्हणण्यात त्यांची तयारी होत असते. मध्येच थांबायचं, "चिऊताई चिऊताई..." आणि "दार उघड" त्यांना म्हणू द्यायचं.

६. झालेल्या गोष्टींबद्दल बोला, पण तपासणी घेतल्यासारखं नको

"आज शाळेत काय केलं?" "काही नाही." हे सगळ्या घरात होतं. प्रश्न फार मोठा आहे, लहान मुलाला पकडायला दोरा लागतो. रॉबिन फिवुश आणि इलेन रीस यांनी आई-मुलांच्या अशा गप्पांचा अभ्यास केला, ज्या आया तपशील भरत, मुलाचं वाक्य पुढे नेत बोलतात त्यांच्या मुलांना आपले प्रसंग जास्त आणि नीट सांगता येतात. म्हणजे "काय खाल्लं? आठवत नाही का? अरे सांग ना" असं नाही, तर "आज डब्यात थालीपीठ होतं ना, शेजारी कोण बसलं होतं? अच्छा, मग तिने काय आणलं होतं?" असं. आपण थोडं सांगायचं, थोडं त्याच्यासाठी सोडायचं.

इथे एक मोठा सापळा आहे. या वयात एकच गोष्ट सुचवून सुचवून विचारली तर मुलं न घडलेलं पण घडलं म्हणून सांगायला लागतात, आणि खोटं बोलत नसतात, त्यांना तसंच वाटायला लागतं. स्टीफन सीसी यांच्या प्रयोगात बालवाडीच्या मुलांना आठवड्यामागून आठवडे विचारलं की उंदराच्या सापळ्यात तुझं बोट अडकलं होतं का, काही मुलं शेवटी हॉस्पिटलात गेल्याची सविस्तर गोष्ट सांगायला लागली. म्हणून शाळेत कुणी मारलं, रागावलं अशी शंका आली तर "बाईंनी मारलं का?" असं दहा वेळा विचारू नका. "काय झालं?", "मग?", एवढंच, एकदा, आणि त्याचेच शब्द वहीत लिहा. शंका मात्र सोडून देऊ नका.

७. कुठे जायचं आणि काय न्यायचं

आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, मग कान-नाक-घसा, आणि सगळं नॉर्मल येऊनही तक्रार राहिली तर डेव्हलपमेंटल बालरोगतज्ज्ञ, म्हणजे मुलांचा विकास बघणारे डॉक्टर. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ साली सुरू झालेला, त्यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या लवकर निदान केंद्रात होते आणि ती मोफत असते. तारीख अंगणवाडी ताईंना विचारा.

पिशवीत हे ठेवा:

- माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाच्या नोंदींसह
- जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, काचेत ठेवलं असेल तर किती दिवस तेही
- जुने रिपोर्ट: ऐकण्याची तपासणी, रक्त
- चालू औषधांची नावं, सर्दीच्या सिरपसकट, काहींनी गुंगी येते
- बाईंनी लिहून दिलेली चार वाक्यं
- तुमची वही आणि व्हिडिओ
- आवडीचं एक खेळणं आणि खाऊ, वाट बघायला लागतेच

मूल पोटभर खाल्लेलं आणि झोप झालेली असेल अशी वेळ घ्या.

८. आम्ही पडलो ते खड्डे

एका भेटीत एडीएचडीचा शिक्का. त्याच्या निदानाला लक्षणं सहा महिन्यांहून जास्त आणि घर, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसायला लागतात, चार वर्षांच्या आत सहसा निदान करतच नाहीत, आणि झालं तरी या वयात पहिला उपाय पालकांचं ट्रेनिंग असतो, गोळी नाही. वीस मिनिटांत कुणी फॉर्म भरून सांगितलं तर दुसरं मत घ्या.

मेमरी वाढवणारे सिरप आणि डोळे बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेनचे क्लास, यांच्यावर पैसे घालू नका. डोळे बांधून कुणाला वाचता येत नाही, मुलं पट्टीच्या फटीतून बघतात, आणि पाच वर्षांच्या मुलाला आपण त्यासाठी शाबासकी देतो हे मला फार वाईट वाटतं.

पाठांतर म्हणजे स्मरणशक्ती असं समजून राज्यांच्या राजधान्या म्हणून घेणं. श्लोक, पाढे, बडबडगीतं लयीत म्हणा, छान आहेत ती, पण तेवढ्यावरून मूल हुशार की मागे हे ठरवू नका.

मोठ्या भावंडाशी तुलना, तीही त्याच्यासमोर. त्याला ऐकू कमी येत होतं तरी हे बरोबर कळत होतं.

९. यात वाट बघू नका

वही, दोन आठवडे, हे सगळं बाजूला ठेवून लगेच डॉक्टर: येत असलेले शब्द किंवा कौशल्यं जायला लागली तर. नावाने हाक मारल्यावर कधीच बघत नसेल तर. दोन वर्षं होऊनही दोन शब्दांचं वाक्य नसेल तर. डोक्याला मार लागल्यानंतर वागणं बदललं असेल तर. आणि बोलता बोलता, जेवता जेवता मूल काही सेकंद एकदम थांबतं, नजर शून्यात, हात लावला तरी भानावर येत नाही आणि मग काही झालंच नाही असं पुढे सुरू करतं, असं दिवसातून वारंवार होत असेल तर. तंद्री लागली म्हणून सोडून देतात पण तो फिटचा एक प्रकार असू शकतो, ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) काढून कळतं आणि औषधाने बहुतेकदा आटोक्यात येतो. तसा प्रसंग दिसला की पहिलं काम, मोबाईल काढून व्हिडिओ घ्या आणि किती सेकंद ते मोजा.